कर्नल साध्या प्रोसेससारखा चालवायचा तर: यूएमएल आतून कसं आहे आणि कॉलेजच्या लॅबमध्ये कसं वापरावं

मॅडम, तुमचा प्रश्न दुपदरी आहे. लातूरच्या कॉलेजात तुम्ही तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवता. लॅबमधली यंत्रं जुनी, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद, बायोसचा पासवर्ड कुणाकडेच नाही आणि मुलांना रूट (यंत्राचे सर्वाधिकार) देता येत नाही. तरी त्यांच्या हातून खऱ्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बदल करून घ्यायचा आहे. अशा ठिकाणी यूजर मोड लिनक्स, म्हणजे यूएमएल, अजून कामाचं आहे का, हा पहिला पदर. एक कर्नल दुसऱ्या कर्नलवर साधी प्रोसेस म्हणून चालतो म्हणजे नेमकं काय होतं आणि ते मुलांना कसं दाखवायचं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: हो, बिनधास्त वापरा. मी संभाजीनगरला चिकलठाण्यात एम्बेडेडचं काम करतो. फाइलसिस्टिमच्या आणि नेटवर्कच्या कोडची पहिली चाचणी मी रोज यूएमएलवरच घेतो, आणि नांदेड-परभणीच्या मुलांच्या कार्यशाळांतही तेच वापरतो. त्याला व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) लागत नाही, केव्हीएम (त्या सोयीवर व्हर्च्युअल मशिन चालवणारा लिनक्सचा भाग) लागत नाही, रूट लागत नाही. तुम्ही म्हणाल, व्हीटी नसलं तरी क्यूएमू (अख्ख्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) चालतंच की. चालतं, पण प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करत चालतं, आणि जुन्या ड्युअल कोअरवर त्यात मुलांचा अर्धा तास बूट होण्याची वाट बघण्यात जातो. यूएमएलमध्ये कोड थेट सीपीयूवर धावतो.

आता दुसरा पदर, आणि खरी गोडी इथेच आहे.

लिनक्सचा कर्नल वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी बांधता येतो. एक्स८६, आर्म, रिस्क-फाइव्ह, प्रत्येकाची सोर्समधल्या 'आर्च' फोल्डरमध्ये आपली जागा आहे. तिथेच 'यूएम' नावाचंही एक फोल्डर आहे. जेफ डाइक यांनी १९९९ मध्ये हे काम पुढे आणलं आणि २००२ मध्ये २.५ मालिकेत ते मुख्य कर्नलमध्ये गेलं. त्यांची मूळ कल्पना अशी: लिनक्स जर कुठल्याही यंत्रावर नेता येतो, तर लिनक्सच्या सिस्टिम कॉललाच (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो ती सोय) एक यंत्र का मानू नये? म्हणजे शेड्युलर, फाइलसिस्टिम, टीसीपी, मेमरी मॅनेजमेंट हा वरचा सगळा कोड जसाच्या तसा खरा. बदलतो तो फक्त सगळ्यात खालचा थर. जिथे एरवी हार्डवेअरशी बोलणं असतं तिथे यजमान, म्हणजे बाहेरच्या खऱ्या यंत्रावरच्या, कर्नलला केलेले सिस्टिम कॉल असतात.

मुलांना हे सांगताना मी चार गोष्टी घेतो, पण चारही सारख्या वेळेच्या नाहीत. इंटरप्ट म्हणजे इथे सिग्नल, टायमरचा टिक्‌ही सिग्नल, आणि टर्मिनलवर किंवा नेटवर्कवर काही आलं की सिगआयओ. डिस्क म्हणजे यजमानावरची एक साधी फाइल, जी पाहुण्याला, म्हणजे आत चालणाऱ्या यूएमएलच्या कर्नलला, 'यूबीडी' नावाचं ब्लॉक डिव्हाइस म्हणून दिसते. एवढं मुलांना पटकन कळतं. वेळ लागतो तो मेमरीला आणि सिस्टिम कॉलला. तिथे घाई करू नका.

मेमरी आधी. तुम्ही 'मेम=२५६एम' म्हणून यूएमएल सुरू केलंत, की ते /डेव्ह/एसएचएम या रॅममध्येच राहणाऱ्या फोल्डरमध्ये २५६ एमबीची एक फाइल उघडतं, लगेच तिचं नाव पुसून टाकतं आणि ती स्वतःच्या ॲड्रेस स्पेसमध्ये एमॅप करतं, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांवर जोडून घेतं. पाहुण्या कर्नलच्या दृष्टीने हीच 'फिजिकल' रॅम. आता पाहुण्याच्या आत एखादी प्रोसेस आपल्या पत्त्यावरच्या पानाला हात लावते आणि ते पान अजून जोडलेलं नसतं. खऱ्या यंत्रावर इथे पेज फॉल्ट येतो. इथे यजमान त्या प्रोसेसला सिगसेगव्ही (चुकीच्या पत्त्याचा सिग्नल) देतो. यूएमएलचा कर्नल तो पकडतो, फॉल्टचा पत्ता बघतो, आपल्या पेज टेबलात नोंद करतो आणि मग त्या प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसमध्ये रॅमच्या त्याच फाइलमधलं योग्य पान एमॅप करून देतो. एरवी सीपीयूचा एमएमयू जे करतो ते इथे 'एमॅप' नावाचा सिस्टिम कॉल करतो.

पण एक प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसच्या वतीने एमॅप कसा करणार? लिनक्समध्ये तशी सोय नाही. म्हणून प्रत्येक पाहुण्या प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसमध्ये एका कोपऱ्यात 'स्टब'ची लहानशी पानं ठेवलेली असतात, थोडा कोड आणि थोडा डेटा. कर्नल तिथे कामाची यादी लिहितो, प्रोसेसला त्या स्टबवर उडी मारायला लावतो, आणि ती स्वतःच स्वतःसाठी एमॅप, अनमॅप, एमप्रोटेक्ट करते. मला ही युक्ती फार आवडते. हुशार मुलांना वर्गात इथेच थांबवून विचारा, 'तुम्ही असतात तर कसं केलं असतं?' चांगली चर्चा होते.

आता सिस्टिम कॉल. आतली प्रोसेस 'ओपन' म्हणते तेव्हा ती सूचना थेट यजमान कर्नलकडे जायला नको, नाहीतर ती यजमानाचीच फाइल उघडेल. म्हणून यूएमएलचा कर्नल आपल्या सगळ्या पाहुण्या प्रोसेसवर पीट्रेस (एका प्रोसेसने दुसरीवर नजर ठेवण्याची सोय) लावून बसतो, जीडीबी किंवा एसट्रेस ही डीबगची साधनं लावतात तसाच. पूर्वी दर सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबायची. आत शिरताना थांबली की यूएमएल कॉलचा नंबर बदलून तिथे निरुपद्रवी 'गेटपिड' घालायचं, यजमान तो पूर्ण करायचा, बाहेर पडताना ती पुन्हा थांबायची. २००५ मध्ये यजमान कर्नलमध्ये 'पीट्रेस सिसईम्यू' आलं. त्यात यजमान तो कॉल करतच नाही, फक्त प्रोसेस थांबवून सांगतो की हिला काहीतरी हवं आहे. यूएमएल रजिस्टर वाचतं, स्वतःचा 'ओपन' चालवतं, उत्तर रजिस्टरमध्ये ठेवतं आणि तिला पुढे सोडतं. थांबे निम्मे झाले.

त्याहून जुन्या काळात तर कर्नल पाहुण्या प्रोसेसच्याच ॲड्रेस स्पेसमध्ये राहायचा. ती 'टीटी' पद्धत. आतल्या प्रोसेसला कर्नलच्या मेमरीत लिहिता यायचं, म्हणून ती सुरक्षित नव्हती, आणि सुरक्षित केली की संथ व्हायची. मग 'स्कास' आलं, म्हणजे कर्नलसाठी वेगळी ॲड्रेस स्पेस. आधी त्यासाठी यजमान कर्नलला पॅच मारावा लागायचा, नंतर वर सांगितलेल्या स्टबमुळे तीही गरज संपली. २०२५ मध्ये आणखी एक पायरी झाली: पीट्रेसऐवजी सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारी कर्नलची सोय) वापरून सिस्टिम कॉल पकडण्याची सोय ६.१६ कर्नलमध्ये आली. पंचवीस वर्षांनंतरही लोक या कोडवर मनापासून काम करत आहेत, म्हणून 'हे जुनं झालं का' ही शंका मनातून काढून टाका.

या रचनेतून वेगाचं गणितही मुलांना स्वतः काढता येतं. नुसती आकडेमोड करणारा प्रोग्राम आत जवळजवळ बाहेरच्याच वेगाने चालतो, कारण त्यात कर्नल मध्ये येतच नाही. पण हजारो लहान फाइली उघडणारा 'फाइंड' घ्या किंवा मोठं कंपायलेशन घ्या, प्रत्येक सिस्टिम कॉलला यजमानावर प्रोसेस बदलावी लागते आणि ते चांगलंच जाणवतं. दोन्ही प्रयोग मुलांकडून 'टाइम' लावून करून घ्या. कॉन्टेक्स्ट स्विच महाग असतो हे पुस्तकातलं वाक्य त्यांना पुन्हा सांगावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. सोर्सची दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते. ती एकदाच उतरवून लॅबच्या सर्व्हरवर ठेवा, तीस जणांनी एकाच वेळी डाउनलोड करायला लावू नका. मग 'मेक आर्च=यूएम डेफकॉन्फिग' आणि त्यानंतर 'मेक आर्च=यूएम'. हार्डवेअरचे ड्रायव्हर जवळजवळ नसल्यामुळे बांधणी डेस्कटॉपच्या कर्नलपेक्षा खूप लवकर होते, आणि हाती येते 'लिनक्स' नावाची एक साधी एक्झिक्युटेबल फाइल. 'आर्च=यूएम' प्रत्येक वेळी लिहावंच लागतं. मुलं एकदा तरी विसरतात, मग एक्स८६ची कॉन्फिग तयार होते, दोन्हींचे अवशेष मिसळतात आणि भलत्याच चुका यायला लागतात. तसं झालं की 'मेक एमआरप्रॉपर' दोन्ही प्रकारे, आर्चशिवाय आणि आर्चसकट, चालवून पाटी कोरी करा.

पहिल्या दिवशी डिस्क इमेजच्या भानगडीत पडूच नका. 'रूटएफएसटाइप=होस्टएफएस' आणि 'इनिट=/बिन/एसएच' एवढं दिलं की पाहुणा कर्नल यजमानाचीच फाइलसिस्टिम, फक्त वाचण्यापुरती, आपलं रूट म्हणून घेतो आणि समोर शेल उघडतो. बूट होताना पहिल्या ओळी नीट वाचायला लावा. 'चेकिंग दॅट पीट्रेस कॅन चेंज सिस्टिम कॉल नंबर्स… ओके', त्याखाली सिस्टिम कॉल इम्युलेशनची तपासणी, मग /डेव्ह/एसएचएम टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टिमवर) आहे का आणि तिथे एक्झिक्युट करण्याजोगा एमॅप होतो का, याची तपासणी. आत्ता सांगितलेली सगळी यंत्रणा त्या पाच-सहा ओळींत उभी आहे. नंतर आत प्रॉक माउंट करून 'सीपीयूइन्फो' बघा: व्हेंडर म्हणून 'यूजर मोड लिनक्स', मॉडेल 'यूएमएल', मोड 'स्कास', आणि 'होस्ट'च्या ओळीत बाहेरच्या कर्नलची ओळख. त्याच वेळी दुसऱ्या टर्मिनलवर यजमानाचं 'पीएस' लावा. आपण आत चालवलेल्या प्रोसेस बाहेर 'लिनक्स'ची पोरं म्हणून दिसतात.

मग जीडीबी. डीबग माहिती चालू ठेवून कर्नल बांधा, 'जीडीबी ./लिनक्स' म्हणा आणि सगळ्यात आधी सिगसेगव्हीसाठी 'हँडल… पास, नोस्टॉप, नोप्रिंट' द्या. नाहीतर दर पेज फॉल्टला जीडीबी थांबेल आणि मुलांना वाटेल कर्नल कोसळला. 'स्टार्ट_कर्नल'वर ब्रेकपॉइंट लावून चालवा. बूटची पहिली सी भाषेतली पायरी समोर थांबलेली दिसते. मग 'कर्नल_क्लोन'वर ब्रेकपॉइंट लावा आणि आतल्या शेलमध्ये 'एलएस' टाइप करा. फोर्क म्हणजे काय हे वर्षभर फळ्यावर बघितलेली मुलं तो बॅकट्रेस बघून खुर्चीतून पुढे सरकतात. दुसरं यंत्र नको, सिरियल केबल नको, आणि कर्नल पॅनिक झाला तरी यंत्र अडकत नाही, एक प्रोसेस मरते आणि पुन्हा सुरू करता येते. जुन्या लॅबसाठी मी यूएमएलचा आग्रह धरतो तो याचसाठी.

स्वतःचा सिस्टिम कॉल घालण्याचं प्रात्यक्षिकही इथे होतं. ६४ बिटच्या यूएमएलला एक्स८६चंच सिस्टिम कॉल टेबल लागू असतं, त्यामुळे पुस्तकातली रीत बदलावी लागत नाही. मॉड्यूल लिहायचं असेल तर तेही 'आर्च=यूएम' देऊनच बांधायचं. बाहेरच्या उबंटूसाठी बांधलेलं मॉड्यूल आत चालणार नाही.

तीस मुलांसाठी डिस्कची व्यवस्था अशी लावा. एकच मूळ इमेज तयार करा, ती सर्व्हरवर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती द्या, आणि प्रत्येकाने आपली 'काऊ' (कॉपी-ऑन-राइट) फाइल वापरायची: 'यूबीडी०=माझी.काऊ,मूळ_इमेज'. बदल फक्त काऊ फाइलमध्ये जातात. तिच्या सुरुवातीला एक हेडर असतं, त्यात मूळ इमेजचं नाव आणि तिची शेवटच्या बदलाची वेळ नोंदलेली असते, आणि पुढे कोणते सेक्टर बदलले त्याचा बिटमॅप. म्हणूनच मूळ इमेज नंतर कुणी चुकून लिहिण्यासाठी माउंट केली, तर वेळ बदलते आणि तीसच्या तीस काऊ फाइली 'एमटाइम मिसमॅच' म्हणून नाकारल्या जातात. ती इमेज तयार झाल्या दिवशीच केवळ-वाचन करून टाका. काऊ फाइल विरळ असते: 'एलएस' मोठा आकार दाखवतं, 'डीयू' खरा. दुसरीकडे नेताना विरळपणा राखणारा पर्याय देऊनच कॉपी करा, नाहीतर पाच एमबीची एक जीबी होते.

आपल्याकडे लाइटचा प्रश्न आहेच. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली, की पाहुण्याला वाटत असतं आपण डिस्कवर लिहिलं, पण ते यजमानाच्या कॅशमध्येच राहिलेलं असतं. जर्नल असलेली एक्स्ट४ फाइलसिस्टिमसुद्धा अशा वेळी गोंधळू शकते. 'यूबीडी०' ऐवजी 'यूबीडी०एस' लिहिलं की प्रत्येक लिखाण लगेच खऱ्या डिस्कवर जातं. संथ होतं, पण परीक्षेच्या प्रात्यक्षिकाला हेच वापरा.

मेमरीचंही जपून. /डेव्ह/एसएचएमचा आकार एरवी रॅमच्या निम्मा असतो. यूएमएलची फाइल हात लागेल तशी भरत जाते, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. चार-पाच पाहुणे एकाच यंत्रावर चालवले आणि ती जागा संपली, की सिगबस येऊन एखादा पाहुणा मधेच मरतो, कारण न सांगता. प्रात्यक्षिकाला १२८ एमबी पुष्कळ होतात. आणि यूएमएल सुरुवातीलाच पीट्रेसपाशी अडलं, तर यजमानावरच्या यामा या सुरक्षा मॉड्यूलचं 'पीट्रेस_स्कोप' बघा. ० किंवा १ असेल तर अडचण नाही, २ किंवा ३ असेल तर साध्या युजरला पीट्रेसच्या पद्धतीने ते चालवता येणार नाही.

नेटवर्क हवंच असेल तर एकदा रूटकडून प्रत्येक युजरच्या नावे टॅप इंटरफेस (सॉफ्टवेअरमधलं नेटवर्क कार्ड) करून घ्यावा लागतो आणि आत 'व्हेक०' वापरायचं. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या लेखांतलं 'ईथ०=टुनटॅप' किंवा 'स्लर्प' नव्या कर्नलवर शोधू नका, ते जुने मार्ग २०२५ मध्ये काढून टाकले आहेत.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण प्राचार्य हे नक्की विचारतील. मुलगा आत रूट असतो, म्हणजे तो बाहेरही रूट होतो का? नाही. आपल्या बटईदारासारखं आहे: शेतात काय पेरायचं ते तो ठरवतो, पण सातबारा मालकाच्या नावावर. आतल्या रूटला बाहेर नेमके तेवढेच अधिकार, जेवढे यूएमएल सुरू करणाऱ्या युजरला आहेत. पण तेवढे पूर्ण आहेत, हेही लक्षात ठेवा. आत होस्टएफएस माउंट केलं की त्या युजरच्या सगळ्या फाइली आतल्या रूटसमोर उघड्या. म्हणून यूएमएल कधीही रूट म्हणून सुरू करायचं नाही, आणि 'होस्टएफएस=' हा पर्याय देऊन आतल्याला एका ठरावीक फोल्डरपुरतंच बांधून ठेवायचं. परक्या, अविश्वासू कोडसाठीची कोठडी म्हणून मी यूएमएलवर भिस्त ठेवत नाही. एकेकाळी लोकांनी त्यावर होस्टिंगचे धंदे उभे केले. लिनोड या होस्टिंग कंपनीची सुरुवात २००३ मध्ये यूएमएलवरच झाली आणि पुढे ते झेन या व्हर्च्युअलायझेशनकडे गेले. आज त्या कामाला केव्हीएम आहे.

जिथे यूएमएल कमी पडतं तिथे आग्रह धरू नका. खऱ्या यूएसबीचा, जीपीआयओचा ड्रायव्हर शिकवायचा असेल, बूटलोडर दाखवायचा असेल, आर्मसाठी काम असेल, तर क्यूएमू किंवा सरळ एखादा बोर्ड. यूएमएल फक्त एक्स८६च्या यंत्रांवर चालतं आणि वर्षानुवर्षं ते एकाच सीपीयूचं होतं, त्यामुळे लॉकिंगच्या शर्यती त्यात पकडायला जाऊ नका. हीच कल्पना इतरांनीही आपापल्या परीने राबवली आहे. ड्रॅगनफ्लाय बीएसडीमध्ये २००७ पासून 'व्हीकर्नल' आहे आणि नेटबीएसडीचे 'रम्प कर्नल' आहेत. पण तुमच्या अभ्यासक्रमाला लिनक्सच धरून चला.

दोन गोष्टी मात्र चुकवू नका, दोन्ही यूएमएलवरच उत्तम जमतात. पहिली 'टाइम ट्रॅव्हल', २०१९ ची भर. ती बांधणीत चालू करून 'टाइम-ट्रॅव्हल=इन्फ-सीपीयू' दिलं, की पाहुण्याला काही काम नसेल तेव्हा घड्याळ सरळ पुढच्या टायमरवर उडी मारतं. आत 'स्लीप १०००' लिहिलं तर प्रॉम्प्ट लगेच परत येतो, आणि आतल्या घड्याळात मात्र खरंच हजार सेकंद उलटलेले असतात. टायमर, टाइमआउट, रिट्रान्समिशन शिकवायला याहून चांगलं काही मी बघितलेलं नाही.

दुसरी केयुनिट. कर्नलच्या एकेका फंक्शनची चाचणी घेणारी ही चौकट ५.५ कर्नलपासून, म्हणजे २०२० पासून, मुख्य सोर्समध्येच आहे आणि ती आपसूक यूएमएलच वापरते. सोर्सच्या फोल्डरमध्ये उभं राहून 'टूल्स/टेस्टिंग/केयुनिट' मधली 'केयुनिट.पीवाय' ही स्क्रिप्ट 'रन' देऊन चालवा. ती स्वतः कर्नल बांधते, सुरू करते, चाचण्या घेते आणि पास-नापासची यादी टर्मिनलवर टाकते. ना इमेज लागते, ना रूट, ना नेटवर्क. माझं सांगणं असं, की सत्राचा शेवटचा प्रकल्प याच्यावरच ठेवा: प्रत्येक जोडीने कर्नलच्या 'लिब' फोल्डरमधलं एक लहान फंक्शन निवडायचं, त्याच्या टोकाच्या स्थिती शोधायच्या आणि त्यासाठी केयुनिटची चाचणी लिहायची. त्यातली एखादी चांगली निघाली तर मेलिंग लिस्टवर पॅच म्हणून पाठवायला लावा. पाठवण्याआधी मला दाखवली तरी चालेल. स्वरूप, सही आणि 'चेकपॅच' या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या तक्रारी मी बसून नीट करून देईन, आणि तुमच्या पहिल्या सत्राच्या बांधणीत कुठे अडलंच तर बूटच्या वेळच्या पहिल्या वीस ओळी जशाच्या तशा पाठवा, बहुतेक उत्तर त्यातच असतं.